माशाचे पोट आणि आपला व्यवसाय

आपला भोई समाज पिढ्यानुपिढ्या मासे धरीत आला आहे. परंतु धरलेला मासा काय खातो आणि खाल्लेले कसे पचवितो, याचा शोध कोणी व कसा घेतला, हा इतिहास आपल्या घरांतून फारसा सांगितला जात नाही. तो सांगण्यास आम्हांस एक घरगुती कारण आहे. ते कबूल करूनच आरंभ करितो.

1972 च्या दुष्काळात आम्ही शाळकरी होतो. दुष्काळी कामांवर तेव्हा पाझर तलाव खणले गेले. पाथर्डीसारख्या कोरड्या मुलखात जाळे टाकण्यास तेवढेच पाणी. अशाच एका तळ्यात पुढे आमच्या भाऊबंदांनी रोहू, कटला व मृगळ यांचे बीज सोडले. एका उन्हाळ्यात मासे लवकर वाढावेत म्हणून पेंड सढळ हाताने घालावी, असा सल्ला आम्हीच दिला. तीन दिवसांची भुईमुगाची पेंड एकाच सायंकाळी एका कोपऱ्यात ओतली गेली. दोन दिवसांनी पहाटे मासे पाण्याच्या पृष्ठभागी तोंडे वासून होते. ऊन वर येईतो पांढरी पोटे तरंगू लागली. पेंड कुजून पाण्यातील प्राणवायू संपला होता. “मास्तरांचे गणित चुकले,” असे थोरल्या वहिनी म्हणाल्या, ते खरेच होते.

त्यानंतर आम्ही या विषयावरील पुस्तके मिळवून वाचली. प्रथमच कळले की, रोहू, कटला व मृगळ यांना जठरच नसते! आपल्या पोटात अन्न साठते व आम्लात भिजते. या माशांत अन्ननलिकेपाठोपाठ थेट आतडेच सुरू होते. जबड्यास दात नाहीत, ते घशात. जठररस नसल्यामुळे प्रथिने फोडण्याचे सर्व काम आतड्यात स्वादुपिंडाच्या रसाने होते. साठविण्यास कोठार नाही, म्हणून हा मासा थोडे थोडे, पुनःपुन्हा खातो. याउलट मरळ मांसाहारी. तिला जठर आहे व आतडे आखूड. रोहूचे आतडे मात्र अंगाच्या कित्येक पट लांब. मासा साफ करताना ही गुंडाळी आम्ही शेकडो वेळा पाहिली असेल. ती इतकी लांब का, हे एकदाही कोणास विचारले नाही.

या विद्येचा इतिहास जुना आहे. इटलीतील स्पालांझानी याने अठराव्या शतकातच अनेक प्राण्यांबरोबर माशांचे पचनही तपासले. माशास नेमके कोणते पोषण हवे, हे मात्र विसाव्या शतकात उलगडले. अमेरिकेतील जॉन हाल्वर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1957 साली सामन माशास शुद्ध घटकांचा आहार देऊन दहा अमिनो आम्ले त्यास अत्यावश्यक असल्याचे दाखविले. योगायोग असा की, त्याच वर्षी 10 जुलै रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हीरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून आपल्याकडील कार्प माशांस अंडी घालावयास लाविले. नदीतून बीज गोळा करण्याची विवंचना त्यामुळे उणावली आणि या बीजास खाऊ काय घालावे, हा प्रश्न पुढे आला. मुंबईत 1961 साली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था स्थापन झाली. 1989 पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. माशांचे पोषण हा तेथील अभ्यासाचा एक विषय होय. पेंड आणि भाताचा कोंडा यांचे जुने मिश्रण काय देते व काय देत नाही, हे आता मोजून सांगता येते.

येथे एक गोष्ट मनास लागते. इंग्रज अधिकारी साइक्स यांनी 1824 ते 1831 या काळात दख्खनची पाहणी केली व येथील माशांचे वर्णन पुढे लंडनमध्ये छापिले. त्यांत खुद्री, मुल्या अशी मराठी नावेच त्यांनी शास्त्रीय नावे म्हणून दिली; ती आजही जगभर चालतात. ही नावे त्यांना जाळे टाकणाऱ्यांखेरीज दुसरे कोण सांगणार? परंतु सांगणाऱ्यांची नावे आम्हांस कोठे आढळली नाहीत. पुढे डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी याच खुद्रीची अंडी व पिले यांचा अभ्यास केला.

आमच्या भाऊबंदांच्या तळ्यात आता पेंड ओतीत नाहीत. छिद्रे पाडलेली गोणी वेळूला बांधून पाण्यात सोडतात. मासे येऊन टोचे मारतात व लागेल तेवढेच नेतात. थंडीत मासा मंद होतो, तेव्हा खाद्य कमी करितात. हिशेबाची वही थोरल्या वहिनींचा नातू ठेवितो. आम्हांस ती केवळ पाहावयास मिळते.