पाणी कोणाचे, मासळी कोणाची?

भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही. मासळीची परंपरा मात्र जुनी आहे. वैनगंगा, तिच्या उपनद्या, गावोगावचे तलाव आणि शेतांमधल्या बोड्या यांच्या आधाराने इथे भाताबरोबर मासळी हे साध्या घरांचे अन्न झाले. हा मासा खाण्याजोगा आहे का, हा प्रश्न पूर्वी वेगळा विचारावा लागत नसे. पाणी डोळ्यांसमोर होते आणि ते राखणारेही ओळखीचे होते. हा प्रश्न कधी आणि का उभा राहिला, हे समजण्यासाठी पाण्याच्या मालकीचा इतिहास पाहावा लागतो.

पूर्व विदर्भातील तलावांचे श्रेय परंपरेने कोहळी समाजाला दिले जाते. चांद्याच्या गोंड राजाने त्यांना काशीकडून आणले, असे सांगितले जाते. आख्यायिका बाजूला ठेवली तरी त्यांचे कसब प्रत्यक्ष दिसते. उताराचा अंदाज घेऊन घातलेली मातीची पाळ, जादा पाण्यासाठी सांडवा आणि शेताला पाणी सोडणारे तुडूम, एवढ्यावर हे तलाव शतकानुशतके चालले. पुढे मालगुजारीच्या काळात त्यांना मालगुजारी तलाव हे नाव मिळाले. आज लोक थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. त्यांतला मोठा नवेगावबांध १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर तिकडे गेला.

हे तलाव सिंचनासाठी बांधलेले असले तरी त्यांत मासे आपसूक वाढत. पावसाळ्यात ओढे, शेते आणि तलाव एकमेकांना जोडले जात. वाहत्या पाण्यावर मासे चढून अंडी घालत आणि काठाच्या उथळ पाण्यातील वनस्पतींत पिल्ले लपत. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघड्या पोटात गाळपेर होई, आणि काढलेला गाळ शेतात पडे. मरळ, मागूर, शिंगी, वांब कोणत्या पाण्यात आणि कोणत्या गवतात राहतात, हे ढीवरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. या व्यवस्थेला सुवर्णयुग म्हणण्याचे कारण नाही. सत्ता मालगुजाराची होती आणि पाण्यात उतरणाऱ्या ढीवराच्या वाट्याला मालकी कधी आली नाही. पण तलाव बिघडला तर भात, मासा आणि गुरांचे पाणी एकदमच बिघडे. म्हणून त्याची निगा कोणालाच टाळता येत नसे.

भंडारा त्या वेळी मध्य प्रदेशात होता. तेथील मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपुष्टात आली आणि तलाव सरकारजमा झाले. शेतकऱ्यांचा निस्तार हक्क कागदावर राहिला. पाळीची डागडुजी व गाळउपसा मात्र कोणाचे काम, हे सैल झाले. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्यावर लहान तलाव त्यांच्याकडे गेले. सिंचन एका खात्याकडे आणि मासेमारीचा ठेका दुसऱ्या खात्याकडून सहकारी संस्थांकडे, अशी वाटणी झाली. तलाव एकच राहिला, त्याची जबाबदारी विखुरली.

याच सुमारास मत्स्यशास्त्रही बदलले. १९५७ साली हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात संप्रेरकाच्या साहाय्याने भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. त्यामुळे रोहू, कतला, मृगळ यांचे बीज हमखास मिळू लागले आणि उत्पादन वाढले. पण तलावाकडे बीज टाकून मासा काढण्याचे टाके म्हणून पाहण्याची सवयही लागली. परदेशी गवत्या कार्पने पाणवनस्पती फस्त केल्या, काठावर बेशरम माजली आणि स्थानिक माशांची अंडी घालायची जागाच गेली.

तलावाचे दुखणे निदान गावाच्या शिवारातले होते. नदीचे तसे नाही. नागपूरच्या पश्चिमेला लाव्हा भागात उगम पावणारी नाग नदी शहराचे सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते आणि अंभोऱ्याजवळ कन्हान वैनगंगेला. खाली पवनी तालुक्यात गोसेखुर्द धरण आहे; त्याची पायाभरणी १९८८ साली झाली. पूर्वी वाहून जाणारी घाण आता जलाशयात थबकते. जलपर्णी पसरते, पाण्यातला प्राणवायू घटतो. सांडपाण्यातले जंतू नीट शिजवल्याने मरतात, पण कारखान्यांच्या पाण्यातून येणारे जड धातू कढईत नष्ट होत नाहीत. ते लहान माशातून मोठ्यात आणि मोठ्यातून माणसात साठत जातात.

याचा सर्वांत कडू धडा जपानच्या मिनामाता उपसागराने दिला. तिथल्या रासायनिक कारखान्याने १९३२ पासून पारायुक्त सांडपाणी समुद्रात सोडले. आधी मासे खाणारी मांजरे झटके येऊन मेली. १९५६ साली माणसांतील आजाराची अधिकृत नोंद झाली. सरकारने कारण मान्य करायला १९६८ उजाडले. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून उपसागराला लावलेले जाळे १९९७ साली निघाले. सर्वाधिक झळ पोचली ती रोज मासळीवर जगणाऱ्या कोळी कुटुंबांना. वैनगंगेचे मिनामाता झाले आहे, असा याचा अर्थ नाही. धोका आणि कबुली यांच्यामधली वर्षे कोणाच्या अंगावर पडतात, ते मात्र त्यातून कळते.

उलट दिशेचे कामही याच मुलखात झाले आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढीवरांच्या सहकारी संस्था यांनी भंडारा-गोंदियातील काही तलावांत बेशरम उपटली, उन्हाळ्यात तलावाचे पोट नांगरले आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यात ढीवर स्त्रियांचा वाटा मोठा होता. गवत परतले, त्यामागोमाग स्थानिक मासेही आले. कोणत्या माशाला कोणते गवत हवे, हे ज्ञान ढीवरांकडे होतेच. तलावाच्या कारभारात त्याला जागा नव्हती.

ठेक्याच्या करारात निगा राखण्याचा हक्क आणि मोबदला दोन्ही लिहिले, तर तलाव सावरतील. नदीसाठी तेवढे पुरणार नाही. नागपूरचे सांडपाणी शुद्ध होऊनच पुढे जायला हवे, आणि गोसेखुर्दच्या पाण्याची व मासळीची तपासणी नियमित होऊन तिचा निकाल मासळीबाजारात मराठीत लागायला हवा. पाळीवर उभे राहून पाणी पाहणाऱ्याला जे एकेकाळी कळत होते, ते विकत घेणाऱ्याला आणि जाळे टाकणाऱ्याला कळणे हा त्यांचा हक्क आहे.