निळ्या कड्याची कुळकथा

रक्ताचा एक कर्करोग निळ्या कड्यावरून ओळखला जातो. अस्थिमज्जेचा नमुना काचपट्टीवर पसरून त्यावर प्रशियन ब्लूची प्रक्रिया केली की लोह असेल तिथे निळा रंग उमटतो. जर्मनीच्या माक्स पेर्ल्स यांनी ही रीत १८६७ मध्ये मांडली. १९५६ मध्ये स्वीडनच्या ब्यर्कमान यांनी चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. चौघांचाही रक्तक्षय उपचारांना दाद देत नव्हता, आणि लाल पेशी घडवणाऱ्या पेशींत केंद्रकाभोवती निळ्या कणांचं कडं दिसत होतं. शरीरात लोह भरपूर होतं, पण ते मायटोकाँड्रियात अडकून पडायचं. ते का अडकतं, हे कळायला आणखी अर्धं शतक गेलं.

उत्तराची वाट भलत्याच बाजूने आली. १९७७ मध्ये अमेरिकेत एमआयटीमध्ये फिलिप शार्प यांचा आणि कोल्ड स्प्रिंग हार्बरमध्ये रिचर्ड रॉबर्ट्‌स यांचा गट सर्दी आणणाऱ्या अडेनोव्हायरसवर काम करत होता. विषाणूचा आरएनए त्याच्याच डीएनएशी जुळवून पाहिला, तर डीएनएचे काही भाग वेटोळी होऊन बाहेर राहिले. म्हणजे जनुकाची आरएनए नक्कल सलग होते आणि तिच्यातले तुकडे छाटून उरलेले सांधले जातात. हेच स्प्लायसिंग. १९९३ चं नोबेल शार्प आणि रॉबर्ट्‌स यांना मिळालं. प्रत्यक्ष प्रयोगांत राबलेल्या लुईस चाऊ आणि सुझन बर्जेट यांना त्यात वाटा मिळाला नाही. हा अन्याय आहे, असं मला ठामपणे वाटतं.

२०११ मध्ये दोन्ही वाटा एकत्र आल्या. जपानमध्ये सेइशी ओगावा यांच्या आणि इंग्लंडमध्ये सँगर इन्स्टिट्यूटच्या गटाने मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांची जनुकं वाचली. निळं कडं असलेल्या बहुतेकांत एकच जनुक बिघडलेलं निघालं : एसएफ३बी१. त्याचं प्रथिन छाटणी कुठे करायची ती जागा हेरतं. त्यातलं एखादं अमिनो आम्ल बदललं, अनेकदा ७०० व्या स्थानावरचं, की काप खऱ्या जागेच्या थोडा अलीकडेच पडतो. आरएनएत नको ती अक्षरं राहून जातात आणि पुष्कळदा पेशी तो संदेशच नष्ट करते. अशा रीतीने एबीसीबी७ हे प्रथिन कमी पडतं. मायटोकाँड्रियातल्या लोहाच्या व्यवहाराला ते लागतं, म्हणूनच लोह तिथे साचतं.

भारतात बीटा थॅलेसेमिया या रक्तविकाराचा सर्वाधिक आढळणारा दोषही स्प्लायसिंगचाच आहे. पण तिथे कापडावरची खडूची खूण चुकलेली असते, तीही एकाच जनुकात आणि आईबापांकडून आलेली. इथे कात्री धरणारा हातच चुकतो, त्यामुळे शेकडो जनुकांची शिलाई बिघडते. हा बदल वारशाने येत नाही. अस्थिमज्जेतल्या एखाद्या मूळपेशीत तो आयुष्याच्या ओघात होतो, आणि तिच्या वंशातल्या सगळ्या पेशी तो पुढे नेतात.

एसएफ३बी१चा बदल मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोममध्ये तुलनेने सौम्य वाटचाल सुचवतो. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या दुसऱ्या रक्तकर्करोगात मात्र तोच बदल वाईट लक्षण ठरतो. लस्पॅटरसेप्ट हे औषध अमेरिकेत २०२० मध्ये कडं असलेल्या रुग्णांसाठी मंजूर झालं. ते आजार मुळापासून बरा करत नाही, पण अनेकांना रक्त चढवण्याची गरज कमी पडते.

घरातल्या वयस्कर माणसाचं हिमोग्लोबिन कारण न सापडता कमीच राहत असेल, तर लोहाच्या गोळ्या वाढवत बसू नका, रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा.