अंगणवाडीचे मूळ बोर्डी-कोसबाडच्या प्रयोगात
ताराबाई मोडक यांच्या बालशिक्षण कार्याचा आढावा

श्रीरामपूर, प्रतिनिधी : 'अंगणवाडी' हा शब्द आज गावोगावी इतका रुळला आहे, की तो शासनाच्या योजनेतूनच आला असावा, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, त्याच्या सुमारे तीन दशके आधी हा प्रयोग बोर्डी येथे आकाराला आला होता. त्याचे श्रेय ज्येष्ठ बालशिक्षणतज्ज्ञ पद्मभूषण ताराबाई मोडक यांच्याकडे जाते. मात्र, ताराबाईंनी पुढे विकसित केलेल्या प्रयोगातील पाळणाघर हा महत्त्वाचा घटक सरकारी अंगणवाडीत सर्वत्र आला नाही. ऊसपट्ट्यातील मजूर कुटुंबांना आजही ही उणीव जाणवते. त्यामुळे ताराबाईंच्या कार्याची माहिती करून घेणे अगत्याचे ठरते.

भावनगर ते दादर

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. प्रार्थना समाजाच्या सुधारणावादी वातावरणात त्या वाढल्या. १९१४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली. विवाहानंतर काही काळ त्यांचे वास्तव्य अमरावतीत होते. पुढे राजकोट येथील स्त्री अध्यापक महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाची जबाबदारी त्यांनी सांभाळली.

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. प्रतिष्ठेची नोकरी सोडून ताराबाई १९२३ मध्ये तेथे दाखल झाल्या. डॉ. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा त्यांनी तेथे सखोल अभ्यास केला. मूल स्वत:च्या हाताने, स्वत:च्या गतीने शिकते, शिक्षकाने त्याचे निरीक्षण करावे व अनुकूल वातावरण निर्माण करावे, हे या पद्धतीचे सूत्र होय. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. या संघाचे कार्य आणि 'शिक्षणपत्रिका' या नियतकालिकाचे संपादन यांतून ताराबाईंनी पालक व शिक्षकांपर्यंत नवा विचार पोहोचविला. मुंबईला परतल्यानंतर १९३६ मध्ये त्यांनी दादर येथे शिशुविहार सुरू केले व शिक्षिकांच्या प्रशिक्षणाला चालना दिली.

शहरातून खेड्याकडे

शहरातील बालमंदिरांचा लाभ सुस्थितीतील कुटुंबांनाच होतो, ही खंत ताराबाईंना होती. बुनियादी शिक्षणाच्या चळवळीशी आलेल्या संबंधामुळे ग्रामीण बालशिक्षणाचा विचार अधिक दृढ झाला. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी अनुताई वाघ (१९१०-१९९२) त्यांच्या सहकारी झाल्या. बालवयातच वैधव्य आलेल्या अनुताई शिक्षिका म्हणून काम करीत होत्या. त्यांनी पुढील सारे आयुष्य या कार्याला वाहिले.

बोर्डीत पहिली अडचण उपस्थितीची आली. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येत नसत. घरी आंघोळ घालून, कपडे करून मुलाला वेळेवर पाठविण्याइतकी उसंत मजुरी करणाऱ्या आईजवळ नव्हती. जातिभेदाची भिंतही होतीच. मुले शाळेत येत नसतील तर शाळेनेच मुलांच्या अंगणात जावे, असा मार्ग ताराबाईंनी काढला. त्यातून मध्यवर्ती बालवाडी व वस्तीवरील अंगणवाडी असे दोन प्रकार रूढ झाले. मुलांना स्वच्छ करणे, गाणी-गोष्टी, खेळ व हस्तव्यवसाय हे सारे त्यांच्याच अंगणात, घरच्या माणसांसमोर होऊ लागले. त्यामुळे आयांनाही आपोआप शिक्षण मिळू लागले.

माँटेसरी पद्धतीची साधने महागडी होती. त्यांच्या जागी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, काड्या आल्या. मोजणे, वर्गीकरण, लहान-मोठे, जड-हलके या संकल्पना परिसरातील वस्तूंतून शिकविता येतात, हे या प्रयोगाने दाखवून दिले. मुलांचे निरीक्षण करून पद्धतीत बदल करीत जाणे, हेच ताराबाईंचे संशोधन होते आणि त्याची प्रयोगशाळा वस्तीवरच होती.

विकासवाडीची संकल्पना

१९५७ च्या सुमारास केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर हलले. वारली समाजातील मुलांसाठी काम करताना आणखी एक वास्तव समोर आले. थोरली बहीण धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी राहते आणि शाळेपासून वंचित होते. यावर उपाय म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र चालविणारी 'विकासवाडी' साकारली. तान्हे मूल पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि मोठी मुलगी वर्गात, अशी ही रचना होती. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा व दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्रशाळाही चालविण्यात आली.

केंद्र सरकारने १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर अनुताईंनी कोसबाडचे कार्य पुढे नेले. त्यांना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली.

योजनेने काय घेतले, काय सुटले

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या सरकारी योजनेने आपल्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिले. आज देशभरात सुमारे १४ लाख अंगणवाड्यांचे जाळे आहे. पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण-आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा या योजनेत अंतर्भूत करण्यात आल्या. पोषण व लसीकरणाच्या दृष्टीने हे कार्य मोलाचे आहे. परंतु आहारवाटप, वजनाच्या नोंदी व सर्वेक्षण यांत मानधनावरील सेविकेचा बराच वेळ जातो आणि खेळातून शिक्षणासाठी कमी वेळ उरतो. अंगणवाडीची वेळ काही तासांचीच असल्याने दिवसभर कामावर असणाऱ्या आईचा प्रश्नही सुटत नाही.

श्रीरामपूरसारख्या ऊसपट्ट्यात तो तीव्रतेने जाणवतो. दिवाळीच्या सुमारास बीडसह जिल्ह्याच्या दक्षिण भागातून ऊसतोडणीच्या टोळ्या उत्तरेकडील कारखान्यांकडे येतात. पती-पत्नी मिळून एक 'कोयता' होतो. पहाटेच फडात जाणाऱ्या आईचे तान्हे मूल पाचटाच्या कोपीत किंवा फडाच्या बांधावर थोरल्या बहिणीच्या स्वाधीन केले जाते. कोसबाडला ताराबाईंनी पाहिलेले चित्र यापेक्षा वेगळे नव्हते.

मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. तथापि, मुकादमामार्फत उचल घेऊन फडाफडांतून फिरणाऱ्या मजूर स्त्रीपर्यंत असा लाभ पोहोचणे कठीण असते. २०२२ मध्ये केंद्राने मिशन शक्तीअंतर्गत 'पाळणा' योजना आणली व अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालविण्याचा विचार पुढे आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला. संगोपन आणि शिक्षण यांची फारकत करता येत नाही, हे ताराबाईंचे प्रतिपादन धोरणकर्त्यांनी अशा प्रकारे उशिरा का होईना, मान्य केले आहे.

आता कसोटी अंमलबजावणीची आहे. शाळा मुलाच्या अंगणात गेली पाहिजे, हे ताराबाईंनी सांगितले त्याला आठ दशके झाली. ज्या मुलांचे अंगणच दर हंगामात बदलते, त्यांच्यापर्यंत अंगणवाडी आणि पाळणाघर पोहोचविणे, हे त्यांच्या कार्यातील अपुरे राहिलेले काम आहे.