पलंगपोसाचा पुरावा : एका झोपायच्या खोलीचा इतिहास कसा शोधायचा

संशोधनाचा आराखडा लिहायला घेतला की बहुतेकांना एकच भीती असते : विषय फार लहान तर नाही ना? मग ‘वसाहतकालीन अर्थव्यवस्था’ असं भलंमोठं शीर्षक येतं आणि पहिल्याच बैठकीत मार्गदर्शक त्याला कात्री लावतात. म्हणून आज मुद्दाम एका झोपायच्या खोलीएवढा विषय घेऊ. काळ सतरावं-अठरावं शतक, जागा इंग्लंड. प्रश्न साधा आहे. लोकांनी पलंगाचे पडदे बदलले, पलंगपोस बदलला, खोलीचा सगळा रंगच बदलला, हे आपल्याला कशावरून कळतं?

इंग्लंडच्या खोलीशी आपला काय संबंध, असं तुम्ही विचाराल. तर एका शब्दापासून सुरुवात करू. त्या काळच्या इंग्रजी कागदपत्रांत ‘पॅलमपोर’ नावाची एक वस्तू सारखी भेटते. पलंगावर पसरायचं किंवा भिंतीवर टांगायचं, रंगीत चित्रांचं मोठं सुती कापड. बहुतेक अभ्यासक हा शब्द ‘पलंगपोश’वरून आला असं मानतात. म्हणजे आपला पलंगपोसच. ‘शिंट्झ’ हा इंग्रजी शब्द ‘छींट’वरून आला, आणि जुन्या मराठीत त्याच कापडाला ‘चीट’ म्हणत. ‘कॅलिको’मध्ये कालिकत गाव आहे. इंग्रजांच्या झोपायच्या खोलीची शब्दसंपत्ती तपासली तर तिचा बराचसा भाग आपल्या किनाऱ्यावरून गेलेला सापडतो.

आधी ती खोली डोळ्यांसमोर आणा. खात्यापित्या घरातला पलंग म्हणजे खोलीतली एक छोटी खोलीच. चार खांब, वर चांदवा, चारी बाजूंनी पडदे. थंडी आणि झोत अडवायला पडदे जाड हवेत, म्हणून लोकर किंवा रेशीम. मालमत्तेच्या याद्या पाहिल्यात तर गंमत दिसेल : लाकडी पलंगापेक्षा त्याच्या कापडाची किंमत कितीतरी जास्त लावलेली असते. आणि ही लोकर धुता येत नसे. तिच्यात कसर लागायची, वास बसायचा, रंग उतरायचे. अशा खोलीत हलकं, धुता येणारं आणि धुतल्यावरही लाल तो लालच राहणारं सुती कापड आलं, तर काय झालं असेल याचा विचार करा.

पण ते जसंच्या तसं आलं नाही. १६४३ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी सुरतेच्या वखारीला एक पत्र लिहिलं. आशय असा : तुम्ही पाठवता त्या रजयांची जमीन गडद, उदास लाल असते, ती सगळ्या गिऱ्हाइकांना आवडत नाही, यापुढे पांढरी जमीन जास्त ठेवा, आणि फुलं-फांद्या रंगीत येऊ द्यात. आज आपण ज्याला ‘अस्सल भारतीय चीट’ म्हणून संग्रहालयात बघतो, पांढऱ्या जमिनीवर वळणदार झाड आणि मोठाली फुलं, ती बऱ्याच अंशी अशा पत्रव्यवहारातून घडलेली आहे. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यांत मोलाचा कागद. कारण त्यात ‘भारताने दिलं, युरोपने घेतलं’ हे सरळ चित्र मोडतं. लंडनच्या दुकानातली नापसंती समुद्र ओलांडून रंगाऱ्याच्या हातापर्यंत पोचते आणि नवी नक्षी तयार होते.

पुढे वीस वर्षांनी, सप्टेंबर १६६३ मध्ये, सॅम्युएल पीप्स हा आरमारी कचेरीतला अधिकारी आपल्या रोजनिशीत नोंद करतो की लंडनच्या कॉर्नहिल भागात बरंच हिंडून त्याने बायकोच्या नव्या अभ्यासिकेच्या भिंतींना लावायला रंगवलेलं भारतीय सुती कापड घेतलं. नोंद एवढीशीच आहे. पण ती कुणी केली, कशासाठी कापड घेतलं, कुठे घेतलं हे सगळं तीत आहे. १६८० च्या दशकात कंपनी वर्षाला दहा लाखांहून जास्त नग सुती कापड नेत होती. १७०८ साली डॅनियल डीफो आपल्या नियतकालिकात कुरकुरतो की हे कापड घरात शिरलं, पडद्यांत, गाद्यांत, खुर्च्यांत आणि शेवटी पलंगांतही शिरलं.

इथे थांबा. डीफोचा हा मजकूर जवळपास प्रत्येक पुस्तकात पुरावा म्हणून येतो, पण तो कोण आहे आणि कुणाची बाजू घेऊन लिहितोय? लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांची. आयात कापडाने घरं भरून गेलीत असं दाखवणं त्याला सोयीचंच आहे. त्यामुळे तो साक्षीदार आहे खरा, पण त्याचा दावाही खटल्यात आहे. त्याला टाकून देऊ नका. फक्त एकट्याच्या जिवावर ‘घरोघरी चीट होतं’ असं वाक्य लिहू नका.

मग येतो कायदा. १७०० साली इंग्लंडच्या संसदेने रंगवलेल्या आणि छापलेल्या आयात सुती कापडाच्या वापरावर बंदी घातली. कोरं कापड मात्र येत राहिलं आणि लंडनच्या आसपास ते छापायचा धंदा फोफावला. १७१९ च्या उन्हाळ्यात स्पिटलफील्ड्सचे विणकर रस्त्यावर उतरले. चिटाचे झगे घातलेल्या बायकांचे कपडे त्यांनी फाडले, अंगावर शाई फेकली. १७२१ मध्ये दुसरा, जास्त कडक कायदा झाला आणि २५ डिसेंबर १७२२ पासून लागू झाला. अंगावर असं कापड घातलं तर ५ पौंड दंड, आणि पलंग, खुर्ची, गादी किंवा खिडकीच्या पडद्यासाठी वापरलं तर २० पौंड.

आता खरा पेच. रस्त्यावरची बाई दिसते. तिच्यावर हल्ला होतो, बातमी छापली जाते, तक्रार होते, म्हणून तिच्या कपड्यांबद्दल आपल्याकडे कागद आहेत. पलंगाचा पडदा कुणाला दिसतो? घरात शिरून तो बघणार कोण? दंड चौपट, पण पकडण्याची शक्यता कमी. म्हणजे कायद्याने झोपायच्या खोलीतलं चीट संपवलं की ते आतल्या आत टिकून राहिलं, हे कोर्टाच्या आणि वर्तमानपत्रांच्या कागदांवरून ठरवता येत नाही. रस्त्यावरच्या कपड्यांचा इतिहास वाचून घराच्या आतलं अनुमान काढणं ही या विषयातली नेहमीची घसरण आहे.

दुसरी वाट म्हणजे मृत्यूनंतरच्या मालमत्ता-याद्या. माणूस वारला की दोन-चार शेजारी घरात फिरत आणि खोलीगणिक वस्तू लिहीत, किंमत लावत. वाचायला बसलात की वेळेचं भान राहत नाही, इतक्या त्या बोलक्या असतात. पण यांच्यातही दोन खड्डे आहेत. पहिला, नवरा जिवंत असलेल्या बाईची यादी सहसा होतच नाही, कारण कायद्याच्या नजरेत वस्तू नवऱ्याच्या. ज्या बाईने पडद्यांचा रंग निवडला, ती विधवा झाली तरच कागदावर येते. दुसरा खड्डा जास्त फसवा आहे. १७३० च्या सुमारास इंग्लंडमध्ये या याद्या करण्याचं प्रमाणच घसरत जातं. तुम्ही आलेख काढलात आणि १७२२ नंतर ‘चिटाचे पडदे’ कमी होताना दिसले, तर ते कायद्यामुळे की याद्याच विरळ झाल्यामुळे? आधी एकूण याद्या मोजा, मग पडदे मोजा. आकडेवारीचं हे साधं पथ्य आहे, तरी घाईत सुटतं.

तिसरी वाट चोरीच्या खटल्यांची. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाची जुनी इतिवृत्तं आता जालावर शोधता येतात. भाड्याच्या खोलीतून काय चोरलं, त्याची किंमत किती, हे त्यांत असतं. श्रीमंतांच्या वाड्यांत न शिरताही साध्या लोकांच्या पलंगावर काय होतं, ते थोडं तरी कळतं.

आणि मग एखादं प्रकरण असं सापडतं की सगळ्या वाटा एकत्र येतात. डेव्हिड गॅरिक हा त्या काळातला लंडनचा सर्वांत गाजलेला नट. टेम्स नदीकाठी हॅम्प्टनला त्याचं घर होतं. कलकत्त्यातल्या नाट्यगृहाच्या उभारणीत त्याने मदत केली, म्हणून तिथल्या इंग्रज मंडळींनी त्याच्या पत्नीला, एव्हा मारियाला, भेट म्हणून पलंगाचं भारतीय चीट पाठवलं. पलंग चिपेंडेलच्या कारखान्यातला, हिरव्या-पांढऱ्या रंगसंगतीचा. १७७५ साली जकात अधिकाऱ्यांनी ते कापड जप्त केलं. गॅरिकने अर्थखात्यातल्या ओळखीच्या अधिकाऱ्याला विनोदी पत्र लिहिलं : बायको रडतेय, पण मुलांसाठी नाही, नवऱ्यासाठीही नाही, पलंगाच्या पडद्यांसाठी! पलंग आणि ते चीट आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. कापड तिथे आहे त्या अर्थी ते अखेर परत मिळालं असावं.

या एका पत्रावरून काय काय निघतं बघा. कायदा कागदावर मेलेला नव्हता, अंमलबजावणी होत होती. वजनदार माणसालाही झळ बसली. आणि खोली सजवणं हे तिचं काम मानलं जात होतं, पण तिचं दुःख आपल्यापर्यंत येतं ते नवऱ्याच्या लेखणीतून आणि चेष्टेच्या सुरात. एव्हा मारियाला त्या पडद्यांबद्दल काय वाटत होतं, हे या पत्रावरून लिहायचं असेल तर फार जपून लिहा.

साल मात्र महत्त्वाचं आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, १७७४ मध्ये, ब्रिटनमध्ये विणलेलं आणि छापलेलं सुती कापड वापरायला परवानगी मिळाली होती. ओळख पटावी म्हणून अशा कापडाच्या काठात तीन निळे धागे विणायचे असा नियम झाला. तो १८११ पर्यंत चालला. त्यामुळे आज एखाद्या जुन्या पडद्याच्या काठाला तीन निळे धागे दिसले, तर कापड कुठलं आणि साधारण कोणत्या काळातलं हे कागद न उघडता सांगता येतं. मला तरी हा कायदा पुस्तकात वाचून कळला नव्हता इतका त्या धाग्यांवरून कळला.

कापड वाचायची आणखी एक खूण. जुन्या चिटांवरची पानं निळी दिसतात. कारागिराला निळी पानं हवी होती असं समजू नका. हिरवा रंग काढायला आधी नीळ, मग वरून पिवळा चढवत. पिवळा कच्चा असतो, तो उडाला आणि खालची नीळ राहिली. म्हणजे त्या झोपायच्या खोलीचे खरे रंग कल्पनेत परत भरावे लागतात.

हे रंग बसायचे कसे, याचा तपशील आपल्याला पाँडिचेरीच्या बाजूला राहणारा फ्रेंच जेझुइट पाद्री कर्दू याच्या १७४२ च्या पत्रातून मिळतो. कापड हिरड्याच्या पाण्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवायचं. कागदावरच्या नक्षीला टोचे मारून, कोळशाची पूड झटकून ती कापडावर उतरवायची. कलमाने रेषा काढायच्या : काळ्या रेषेला लोखंडाचं आंबवलेलं पाणी, लालसाठी तुरटी. मग चाय नावाच्या वनस्पतीच्या मुळांत (प्यायच्या चहाशी काही संबंध नाही) उकळायचं. तुरटी लागलेल्या जागीच लाल पक्का बसतो. निळ्यासाठी बाकी सगळं कापड मेणाने झाकून निळीत बुडवायचं. पुन्हा धुवायचं, उन्हात वाळवायचं. एका पलंगपोसामागे अनेक हात आणि बरेच आठवडे. कर्दूने ही माहिती ख्रिस्ती झालेल्या रंगाऱ्यांकडून मिळवली. हेतू उघड होता : फ्रान्समध्ये ही विद्या कामाला यावी. फ्रान्समध्येही १६८६ पासून बंदी होती, ती १७५९ साली उठली आणि पुढच्याच वर्षी ओबरकाम्फने झूई गावी छपाईचा कारखाना काढला.

ज्यांनी ही कृती सांगितली त्या रंगाऱ्यांची नावं पत्रात नाहीत. गॅरिकच्या पलंगाबद्दल आपल्याला नट, पत्नी, सुतार, देणारे, जप्तीचं साल, सगळं माहीत आहे. ते झाड काढणारा हात कुणाचा, ते माहीत नाही.

तुमच्यापैकी कुणाला मोडी येत असेल तर एक सुचवतो. याच कोरोमंडल किनाऱ्यालगत तंजावरला १६७६ पासून भोसल्यांचं राज्य होतं. जवळच्या कोडाली करुप्पूर गावात कलम, मेण आणि जर एकत्र करून त्या दरबारासाठी साड्या आणि पागोटी होत. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद आहेत. पुण्यात पेशवे दप्तर आहे. त्यांत ‘चीट’, ‘पलंगपोस’, ‘पडदे’, ‘चांदवा’ हे शब्द घेऊन जामदारखान्याच्या आणि खरेदीच्या नोंदी वाचायला बसा. लंडनच्या संचालकांनी रंगाऱ्याला पांढरी जमीन मागितली, हे आपल्याला ठाऊक आहे. मराठी घराने काय मागितलं, किती पैसे दिले, आणि पैसे घेणाऱ्याचं नाव कारकुनाने लिहिलं का, एवढा प्रश्न घेऊन सुरुवात करता येईल.