शेतातील वर्कशॉपसाठी वेल्डिंग मशीन किती अँपिअरचे घ्यावे?

मशागतीच्या ऐन दिवसांत मोगड्याचा दाता किंवा ट्रॉलीचा अँगल तुटला, तर फॅब्रिकेशनच्या दुकानात नंबर लागेपर्यंत वाफसा निघून जातो. त्यामुळे अनेक शेतकरी स्वतःचे वेल्डिंग मशीन घेतात. मात्र खोक्यावरील मोठा आकडा पाहून घेतलेले मशीन शेतातल्या विजेवर चालेलच असे नाही. काम, ड्युटी सायकल आणि वीज या तीन गोष्टी तपासूनच आकार ठरवावा.

१) कामानुसार रॉड व करंट

- २ ते ४ मि.मी. जाडी (पाईप, गेट, पातळ अँगल): २.५ मि.मी. म्हणजे १२ नंबरचा रॉड. ६० ते ९० अँपिअर.
- ४ ते ८ मि.मी. (ट्रॉली, कल्टिव्हेटरची फ्रेम): ३.१५ मि.मी. म्हणजे १० नंबरचा रॉड. ९० ते १३० अँपिअर.
- ८ मि.मी.पेक्षा जाड: ४ मि.मी. म्हणजे ८ नंबरचा रॉड. १४० ते १८० अँपिअर. कडा घासून उतरत्या कराव्यात व दोन-तीन थर द्यावेत.

शेतातील बहुतेक दुरुस्ती १० व १२ नंबरच्या रॉडमध्ये भागते.

२) ड्युटी सायकल

१० मिनिटांपैकी किती मिनिटे मशीन त्या करंटवर चालू शकते, ते प्रमाण म्हणजे ड्युटी सायकल. २०० अँपिअर, ६० टक्के असे लिहिलेले मशीन सुमारे १५० अँपिअरवर सतत चालते. तेच २०० अँपिअर २० टक्क्यांवर असेल, तर सतत वापरासाठी ९० अँपिअरच्या आसपासच मिळतात. म्हणजे १० नंबरच्या रॉडने काम करताना ते वारंवार गरम होऊन थांबेल. आकडा तोच असूनही किमतीत फरक पडण्याचे हे एक मोठे कारण आहे.

३) वीज

सिंगल फेजवर १२० अँपिअरने वेल्डिंग करताना साधे इन्व्हर्टर मशीन लाईनमधून साधारण २० ते २५ अँपिअर ओढते. घरातील १६ अँपिअरचा सॉकेट त्यासाठी पुरत नाही. मीटरचा मंजूर भार तपासून ३२ अँपिअरचा एमसीबी, किमान ४ चौ.मि.मी. तांब्याची स्वतंत्र वायर आणि चांगले अर्थिंग करून घ्यावे.

अंतरही महत्त्वाचे आहे. २.५ चौ.मि.मी. तांब्याच्या केबलमधून १०० मीटरवर एवढा करंट नेला, तर सुमारे ३० व्होल्ट घटतात. आधीच दाब कमी असेल, तर आर्क टिकत नाही आणि रॉड चिकटतो. मशीन किमान किती व्होल्टवर चालते, हे खरेदीपूर्वी विचारावे. जनरेटरवर चालवायचे असल्यास १० नंबरच्या रॉडसाठी साधारण ७.५ केव्हीए क्षमता धरावी.

४) शिफारस

- फक्त गेट, पाईप, किरकोळ काम: सतत ९० ते १०० अँपिअर देणारे सिंगल फेज इन्व्हर्टर.
- ट्रॅक्टरची अवजारे, ट्रॉली: २०० अँपिअर, ६० टक्के ड्युटी सायकलचे इन्व्हर्टर. बहुतेक शेतकऱ्यांना हेच योग्य.
- ८ नंबरच्या रॉडने रोजचे काम किंवा इतरांची कामे घेणे: थ्री फेज मशीन. मात्र शेतीची थ्री फेज वीज पाळीने मिळते; दिवसा किती तास मिळते ते पाहूनच निर्णय घ्यावा.

५) काळजी

- ट्रॅक्टरवर वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढावी व अर्थ क्लॅम्प जोडाच्या जवळ लावावा.
- डिझेलची टाकी किंवा बंद ड्रम रिकामा असला तरी वेल्ड करू नये. आतील वाफेने स्फोट होतो.
- जीआय पाईपचा जस्ताचा थर आधी घासून काढावा, काम मोकळ्या हवेत करावे.
- ओल्या जमिनीवर उभे राहू नये. कोरडे हातमोजे, बूट व काचेचा मुखवटा वापरावा.
- ट्रॉलीचा हूक व दांडी रस्त्यावर तुटली तर जीव जातो. हे जोड कोरड्या ई-७०१८ रॉडने अनुभवी वेल्डरकडूनच करून घ्यावेत.