तंजावरचा राजवाडा

तंजावरचा राजवाडा हा तमिळनाडू राज्यातील तंजावर शहरात असलेला ऐतिहासिक वास्तुसमूह आहे. नायक राजांनी उभारलेला हा वाडा १८५५ पर्यंत भोसले घराण्याच्या मराठी राज्याची राजधानी होता. त्याचे काही भाग दर्शकांसाठी खुले आहेत.

इतिहास

राजवाड्याचे मूळ बांधकाम सोळाव्या–सतराव्या शतकांत झाले. १६७३ मध्ये मदुराईच्या नायकांनी तंजावर जिंकले. त्यांच्याविरुद्ध विजापूरच्या आदिलशाहीने छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांना पाठविले. व्यंकोजींनी काही वर्षांतच तेथे स्वतःचे राज्य स्थापन केले. पुढील मराठा राजांनी वाड्याचा विस्तार केला.

१७९९ च्या करारान्वये सरफोजी (दुसरे) यांनी राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केला. त्यांची सत्ता किल्ला व त्याच्या लगतच्या परिसरापुरती उरली. १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजी (दुसरे) पुत्रहीन निधन पावले. कंपनीने राज्य खालसा करताना खासगी मालमत्ताही जप्त केली. राणी कामाक्षीबाई यांनी त्याविरुद्ध दावा लावला. मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. मात्र १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने जप्ती ही राज्यसत्तेची कृती असल्याने ती न्यायालयाच्या कक्षेबाहेर आहे, असे ठरविले. पुढे सरकारनेच मालमत्ता कुटुंबाला परत केली.

सरस्वती महाल ग्रंथालय

नायककालीन राजग्रंथसंग्रह सरफोजींनी समृद्ध केला. काशीयात्रेत त्यांनी अनेक हस्तलिखिते मिळविली. त्यांच्या छापखान्यात देवनागरी खिळ्यांनी पुस्तके छापली जात. इसापच्या कथांचा मराठी अनुवाद ‘बालबोधमुक्तावली’ हे त्यांपैकी एक होय. १९१८ मध्ये हा संग्रह जनतेसाठी खुला झाला. तेथे संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखिते असून त्यांत ताडपत्रांवरील ग्रंथही आहेत. येथील मोडी कागदपत्रे दक्षिणेतील मराठी राज्याच्या इतिहासाचे प्रमुख साधन आहेत.

वास्तू व संग्रहालय

मराठा दरबार महालातील स्तंभ, कमानी व छत रंगीत चित्रांनी अलंकृत आहेत. नायक दरबार महालात १९५१ मध्ये स्थापन झालेले कलादालन असून चोळकालीन कांस्यमूर्ती हे त्याचे वैशिष्ट्य आहे. तेथेच सरफोजींचा संगमरवरी पुतळा आहे. तो इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांनी घडविला. परिसरातील उंच मनोरा दुरूनही दृष्टीस पडतो.