अर्ध्या गुणाचे मोल

१/ बुद्धिबळातील बरोबरी म्हणजे निष्फळ डाव, हा समज जुना आहे. २०२५ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीने तो खोटा ठरवला.

२/ जॉर्जियातील बातुमी येथे नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख कोनेरू हंपीसमोर उभी ठाकली. हंपी २००२ मध्ये, दिव्याच्या जन्मापूर्वीच, ग्रँडमास्टर झाली होती. दिव्याजवळ तो किताब नव्हता.

३/ दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले. २८ जुलै रोजी जलद प्रकारातील पहिला डावही तसाच सुटला. दुसऱ्या जलद डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळून दिव्याने विजय मिळवला. गुण २.५–१.५. विश्वचषकासह ग्रँडमास्टर किताबही तिचा झाला.

४/ तिच्या अडीच गुणांपैकी दीड गुण बरोबरीचे होते. क्लबांच्या साखळी सामन्यांतही हिशेब हाच : एका पटावर राखलेला अर्धा गुण संघाच्या बेरजेत जमा होतो.